वास्तूचे ऋण
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज आम्हांस बोलावयाचे आहे तो विषय गोड नाही. आपल्या वसतिगृहाची वास्तू उभी राहिली, मुळज, गुंजोटी, येणेगूर, नारंगवाडी येथील मुली तीत राहून शिकू लागल्या, याचा आनंद आपण सर्वांनी मानला. परंतु ती वास्तू अद्यापि पूर्णपणे आपली झालेली नाही. ती बँकेकडे तारण आहे.

‘कर्ज कार्यकारिणीने काढले, फेडील तीच,’ असा एक सूर कानी येतो. तो यथार्थ नव्हे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विश्वस्तांस कर्ज काढता येत नाही, असे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातच सांगितले आहे. आपल्या विश्वस्तांनी ती मंजुरी घेतली, तत्पूर्वी सर्वसाधारण सभेत ठराव झाला, आणि त्या ठरावास हात वर करणाऱ्यांत आपण सारेच होतो.

समाज कृपण आहे असेही आम्ही म्हणणार नाही. पंखा, कपाट, दरवाजा यांसाठी देणगीदार आपणहून पुढे येतात, कारण त्यांवर नाव घालता येते. व्याजावर नावाची पाटी कशी बसवावी? म्हणून पंखे गरजेहून अधिक झाले आणि हप्ता मात्र दरमहा ओढाताणीने भरला जातो.

व्याजाचे गणित आम्ही मुलांस पुष्कळ वर्षे शिकविले. आज ते वडील मंडळींपुढे मांडतो. समजा, दहा लाखांचे कर्ज, व्याज दरसाल दहा टक्के, मुदत पंधरा वर्षे. हप्ता सुमारे १०,७४६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ८,३३३ रुपये व्याजातच जातात; मुद्दल फिटते अवघे २,४१३. पंधरा वर्षांत एकंदर भरणा १९ लाखांवर जातो. आता याच कर्जात आरंभीच एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेविला, तर जवळजवळ तीन वर्षे आधी कर्ज फिटते आणि व्याजाचे पावणेतीन लाखांहून अधिक रुपये वाचतात. तेच लाख रुपये शेवटच्या वर्षी दिले तर वाचणारी रक्कम अगदीच किरकोळ! म्हणून ‘पुढे पाहू’ म्हणणाऱ्याची देणगी कितीही मोठी असली तरी तिचे बळ कमी. मात्र जादा रक्कम मुद्दलातच जमा व्हावी आणि हप्ता न घटविता मुदत घटवावी, असे बँकेस लेखी कळवावे लागते. खजिनदारांनी यात हयगय करू नये.

बसवण्णांचे कल्याण आपल्या उमरग्याहून दूर नाही. कायकाने मिळवावे आणि दासोहाने समाजास अर्पावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. सोलापूरचा तलाव सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून उभा केला. अलीकडचे पाहावयाचे तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड काढून घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहे चालविली. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि तेव्हा आपल्याच तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त झाले, तेव्हा ज्यांनी आपणांस कधी पाहिलेही नव्हते त्यांनी घरे बांधून दिली. त्यांनी आपली जात विचारली नाही. म्हणूनच आमची एक जुनी सूचना पुन्हा मांडतो: वसतिगृहात जागा राहिली तर ती इतर समाजांच्या गरजू मुलींस द्यावी. काहींस ती रुचत नाही, हे आम्ही जाणून आहो.

आता व्यवहाराचे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे दरमहाचा आकडा स्वतःच ठरवावा. कोणी कोणाचा आकडा पुकारू नये. ज्यांचे पोट हंगामावर आहे त्यांनी सोयाबीन विकल्यावर एकदाच द्यावे. लग्नकार्यात मानपानाचा एक आहेर कमी करून ती रक्कम इकडे वळविता येईल. भगिनींनी मनावर घेतले तर हे सहज घडेल. कार्यकारिणीने दर तिमाहीस उरलेले मुद्दल फलकावर लिहावे, आणि ज्याला वही पाहावयाची असेल त्यास ती विनातक्रार दाखवावी.

खजिनदार व्यासपीठाच्या उजव्या बाजूस वही घेऊन बसले आहेत. मुरूमकडील मंडळींस बस गाठावयाची आहे. त्यांना आधी जाऊ द्यावे.