एक कळ आणि चाळीस नकाशे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. शिक्षणनिधी, वसतिगृह, विवाहातील अनाठायी खर्च अशा जिव्हाळ्याच्या विषयांवर येथे आजवर जाणत्यांची व्याख्याने झाली आहेत. मी तर जन्मभर नकाशे काढणारा माणूस. माझ्यापाशी सांगण्यासारखे जे आहे ते धंद्यातले आहे, आणि ऐकणारास ते रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि संगणकावर काढलेले नकाशे एका कळीसरशी पीडीएफ स्वरूपात कसे उतरवावेत, हाच विषय मी आज मुद्दाम निवडला आहे. त्याला दोन कारणे आहेत. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा वा मुलगी आज ड्रॉइंग ऑफिसात नोकरीस आहे, हे पहिले कारण. दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. ते ओघात येईल.

आपली ज्ञाति मुळची सुतारकामाची. आपले आजे-पणजे दोरी, गुण्या आणि ओळंबा घेऊन कामाला बसत. लाकडावर खूण करणारा आणि त्या खुणेवर करवत धरणारा बहुधा एकच असे. निदान दोघे एकाच अंगणात असत. खूण चुकली तर ती तेथल्या तेथे पुसली जाई. पुढे गिरण्या, पूल, मोठ्या इमारती आल्या, आणि आखणारा एका गावी व कापणारा दुसऱ्या गावी अशी स्थिती झाली. या दोघांच्यामध्ये जो कागद आला, तोच नकाशा होय. आखणाऱ्याच्या मनात काय आहे ते कापणाऱ्यापर्यंत बिनचूक पोचविणे, एवढेच त्याचे काम; पण त्या एवढ्यातच सगळे आले.

मी उमेदवारी सुरू केली तेव्हा टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर यांचे राज्य होते. मूळ नकाशा एकच असे, आणि त्यावरून प्रती निघत. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधलेल्या प्रक्रियेतून निळ्या प्रती निघू लागल्या. आमच्या वेळी अमोनियाच्या प्रती असत. त्यांच्या उग्र वासाने डोळ्यांना पाणी येई. दुरुस्ती करावयाची म्हणजे ब्लेडने शाई खरवडावयाची. काम कष्टाचे खरे, परंतु एक गोष्ट बिनघोर होती. मूळ एकच असल्यामुळे, त्या क्षणी काढलेली प्रत ही त्या क्षणीच्या नकाशाचीच प्रत असे.

त्यानंतर संगणक आला. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला, आणि पडद्यावर रेघ ओढता येते व ती दुरुस्तही करता येते हे जगास दाखविले. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले आणि हळूहळू लहानसहान कार्यालयांतही पोचले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकात इमारत तिच्या खऱ्या मापाने काढतात. दहा मीटरची भिंत तेथे दहा मीटरचीच असते. तिला कागदावर आणताना मात्र अनेक निर्णय घ्यावे लागतात. कागद कोणता, ५९४ गुणिले ८४१ मिलिमीटरचा ए-१ की त्याच्या निम्मा ए-२? प्रमाण एकास शंभर की एकास पन्नास? कोणती रेघ जाड, कोणती बारीक? कागद उभा की आडवा? नाव काय द्यावयाचे, आणि ही कितवी दुरुस्ती म्हणावयाची?

हा कागदही पुढे बहुतांशी कागद राहिला नाही. १९९३ साली अडोबी कंपनीने पीडीएफ हे स्वरूप प्रसिद्ध केले, आणि २००८ साली त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याचा गुण असा की, पाहणाऱ्याजवळ नकाशे काढण्याचे महागडे साधन नसले तरी चालते. कारखान्यातला मिस्त्री तो आपल्या खिशातल्या फोनवर उघडतो, आणि आपण येथे जे पाहिले तेच त्याला तेथे दिसते. अक्षरांचे वळणही त्या फाइलीत सोबत बांधून देता येते. जुन्या धर्तीच्या मराठी फाँटमध्ये लिहिलेली नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सोयीचे मोल सांगावयास नको.

आता हिशेब पाहा. एक नकाशा उघडून, वर सांगितलेले निर्णय घेऊन, तो उतरविण्यास सवयीच्या माणसालाही तीन मिनिटे लागतात असे धरू. मध्यम आकाराच्या कामाचे चाळीस नकाशे असले तर दोन तास झाले. घरमालकाने एक खिडकी हलविली की पुन्हा दोन तास. हे काम नेहमी संध्याकाळी, घाईच्या वेळी आणि कार्यालयातल्या सर्वांत लहान माणसाच्या वाट्यास येते.

आता दुसरे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात असाच एक मुलगा होता. तो आपल्याच ज्ञातीतला; त्याच्या आईच्या शब्दाखातर मीच त्याला चिकटविला होता. एका कारखान्याच्या कामाचे चाळीस नकाशे त्या संध्याकाळी पाठवावयाचे होते. सतराव्या नकाशात लोखंडी जिना होता. पोटमाळ्याची उंची दीडशे मिलिमीटरने वाढली होती, आणि जिन्याचा नकाशा त्याप्रमाणे दुरुस्तही झाला होता. मुलगा एकेक नकाशा उतरवीत होता. सतराव्याची पाळी आली तेवढ्यात मी त्याला दुसऱ्याच कामाला हाक मारली. परत येऊन तो बसला आणि त्याने अठराव्यापासून पुढे चालू केले. सतराव्याची जुनी पीडीएफ त्याच नावाने त्याच फोल्डरात पडलेली होती; तीच गेली. मोजले तर चाळीस भरत होते.

फॅब्रिकेटरने जुन्या मापाने चॅनेल कापले. जिना उभा केला तेव्हा तो पोटमाळ्याच्या एक पायरी खाली राहिला. लोखंड वाया गेले, दिवस गेले, आणि बैठक बसली. त्या बैठकीत मी काय म्हणालो? “मुलाकडून चूक झाली,” असे म्हणालो. मी त्याला मध्येच उठविले होते हे मी सांगितले नाही. पाठविण्यापूर्वी तो गठ्ठा मी उघडून पाहिला नाही, आणि तसाच माझ्या नावाने जाऊ दिला, हेही सांगितले नाही. मुलाने मान खाली घातली, आणि महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. ज्ञातिबंधूंनो, हे मी आजवर कोणासमोर बोललो नव्हतो. ते आज या सभेत सांगून टाकतो.

त्या प्रकारानंतर मी या एका कळीच्या मागे लागलो. ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प नावाची एक छोटी भाषा १९८६ पासून आहे. तिच्यात आपण हातांनी जे करतो ते पायरीपायरीने लिहून ठेवता येते, आणि ते सारे एका कळीस जोडता येते. त्याच्या एलटी या स्वस्त प्रकारात ही सोय २०२४ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून मिळाली. ज्यांना विकतचे साधन परवडत नाही त्यांच्यासाठी फ्रीकॅड हे विनामूल्य साधन आहे. त्यात पायथन भाषेतून असेच काम करून घेता येते.

रीत थोडक्यात सांगतो. प्रथम, कागद, प्रमाण आणि रेघांची जाडी हे निर्णय एकदा शांतपणे घेऊन ‘पेज सेटअप’ म्हणून नाव देऊन साठवावेत. कागदात बसेल तसे बसवा, ही ‘फिट’ची सोय कधीही वापरू नये, तीमुळे नकाशा दिसतो सुरेख, पण पट्टी लावली की माप खोटे निघते. दुसरे, रेघांच्या जाडीचा तक्ता सर्व संगणकांवर एकच असावा; नाही तर एका मेजावरची ठळक भिंत दुसऱ्या मेजावर केसाएवढी होते. तिसरे, फाइलीचे नाव हाताने देऊ नये. नकाशाच्या कोपऱ्यातील टायटल ब्लॉकमधील क्रमांक आणि दुरुस्तीचे अक्षर यांवरून ते कळीनेच तयार करावे. चौथे, प्रत्येक वेळी तारखेचे नवे, रिकामे फोल्डर उघडावे, म्हणजे जुने काही तेथे पडून राहणारच नाही. माझा सतरावा नकाशा एवढ्यानेच वाचला असता. पाचवे, एक नकाशा पुरा उतरल्यावाचून दुसरा सुरू होऊ नये. त्यासाठी पाठीमागे चालणारी छपाई बंद ठेवावी लागते. नवशिक्याची कळ बहुधा येथेच अडखळते.

एवढे सिद्ध झाले, आणि दोन तासांचे काम चहा संपेपर्यंत होऊ लागले. मला मोठी धन्यता वाटली. ती फार दिवस टिकली नाही.

एके दिवशी खांबांची आखणी असलेली मूळ फाइल कोणीतरी दुसऱ्या जागी हलविली. आमच्या सर्व नकाशांना ती फाइल जोडलेली होती. मी कळ दाबली. यंत्राने जोड सापडला नाही म्हणून हाक दिली नाही, की हात आखडला नाही. चाळीसच्या चाळीस नकाशे खांबांवाचून उतरवून दिले. नावे बिनचूक, तारीख बिनचूक, मोजणी बिनचूक. पण इमारतीत एक खांब नाही! हाताने काम करणाऱ्या त्या मुलाने पहिल्याच नकाशाशी थबकून विचारले असते, “काका, खांब कुठे गेले?” ज्याला मी अकुशल समजलो होतो त्याचे डोळे त्या कामात होते, आणि कळीबरोबर मी ते काढून टाकले होते.

त्या दिवशी सुदैवाने नकाशे बाहेर गेले नाहीत, कारण आदल्या अनुभवाने मी प्रत्येक नकाशा उघडून पाहावयाचा नेम केला होता. मग कळीत आणखी दोन गोष्टी घातल्या. जोडलेली एकही फाइल सापडली नाही तर तिने थांबावे आणि कारण सांगावे. आणि नकाशांच्या यादीशी उतरलेल्या फाइली क्रमांक व दुरुस्तीसह ताडून पाहाव्यात. तिसरी गोष्ट मात्र मी मुद्दाम घातली नाही. नकाशे पाठविण्याचे काम मी कळीकडे दिलेले नाही. उतरविणे यंत्राचे, उघडून पाहणे आणि आपल्या नावाने पाठविणे माणसाचे. कळ आपण घेतलेला निर्णय न थकता पुन्हा पुन्हा अमलात आणते. तो निर्णय बरोबर असो वा चुकीचा असो, तिला दोन्ही सारखेच.

आता पालकांच्या मनातील प्रश्नाकडे वळतो. “असे सगळे यंत्राने होऊ लागले तर आमच्या मुलांच्या नोकऱ्यांचे काय?” हा प्रश्न रास्त आहे, आणि खोटा धीर देण्याने कोणाचे भले होत नाही. केवळ नकाशे उतरवून देणे एवढ्यावर ज्याची नोकरी आहे, ती नोकरी राहणार नाही. परंतु जिना पोटमाळ्यास का लागत नाही हे ज्याला नकाशा पाहताच कळते, आणि ती कळ कशी चालते हेही ज्याला कळते, अशा माणसाची गरज संपलेली नाही. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तो पुरा करणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे की, त्याच्या जोडीला ऑटोलिस्प किंवा पायथन यांपैकी एक तरी शिका. मात्र प्रथम ते काम दहा वेळा हाताने करा. प्रत्येक पायरी वहीत लिहून काढा, आणि कोठे थबकावे लागते तेथे खूण करा. त्या खुणा म्हणजेच तुमच्या कळीने करावयाच्या तपासण्या. हाताने ज्याला येत नाही, त्याने यंत्राला शिकवू नये.

कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. सुट्टीच्या दिवसांत मंडळाचे सभागृह रिकामे असते. तेथे दोन संगणक ठेवून हा वर्ग भरवावा. शिकविण्याची जबाबदारी मी विनामूल्य पत्करतो.

शेवटी त्या मुलाविषयी. तो आता परगावी स्वतःचे लहानसे कार्यालय चालवितो. हे व्याख्यान ठरले तेव्हा मी त्यास पत्र लिहिले, झाल्या गोष्टीची क्षमा मागितली, आणि ती सभेत सांगण्यास त्याची परवानगीही मागितली. त्याचे उत्तर चार ओळींचे आले. परवानगी त्याने दिली. क्षमेविषयी त्याने काही लिहिले नाही, आणि तो त्याचा अधिकार आहे. अखेरीस एवढेच विचारले होते, “काका, तुमची ती कळ जुनी फाइल पकडते ना?”

पकडते, असे मी त्यास कळविले आहे. तरीही प्रत्येक गठ्ठा पाठविण्यापूर्वी मी सतरावा नकाशा दोनदा उघडतो.