चमच्याच्या दांड्यावरील साक्ष
(महोत्सवाच्या सभेत दिलेले भाषण)



या महोत्सवानिमित्त घरोघरच्या जुन्या वस्तूंची व आठवणींची टिपणे करावीत असे ठरले, आणि मलाही चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. मी विद्वान नव्हे. माझ्या हाती आहे तो केवळ चांदीचा एक चमचा. त्याच्याविषयी बोलताना मला माझी एक चूकही आपणांपुढे कबूल करावी लागणार आहे.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या असे सांगत आले की, बोरघाटातील आगगाडीचा मार्ग १८६३ साली खुला झाला, तेव्हा त्या कामावरील एका साहेबाने आमच्या पूर्वजास सहा चमचे बक्षीस दिले. पुढे घरात आजारपण आले. मी त्यांतील पाच चमचे मोडीच्या भावाने विकले. सराफाने तोळे मोजले, पैसे दिले आणि चांदी मुशीत गेली. त्याच्याकडे काही दोष नाही. विकण्यापूर्वी दांड्याची मागची बाजू मी एकदाही वाचली नाही, हा दोष सर्वस्वी माझा. सहावा चमचा पेटीच्या तळाशी राहिला म्हणून वाचला.

‘वाचणे’ हा शब्द मी जाणून वापरतो. इंग्लंडात चांदीचा कस पाहून तिच्यावर शिक्का मारण्याची चाल फार जुनी. १३०० साली राजा पहिला एडवर्ड याच्या कायद्याने बिबळ्याच्या मुखाचा शिक्का सुरू झाला. पुढे १४७८ साली लंडनच्या सोनारांच्या ‘हॉल’मध्ये माल आणून तपासण्याचा निर्बंध झाला, त्यावरूनच ‘हॉलमार्क’ हा शब्द रूढ झाला.

आता माझा चमचा पाहा. याच्यावर पाच खुणा आहेत. पहिली, एक पंजा उचलून चालणारा सिंह: म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी. दुसरी, बिबळ्याचे मुख: म्हणजे लंडन. येथे नांगर असता तर बर्मिंगहॅम, किल्ला असता तर एडिंबरो, आणि १९७४ पर्यंतच्या मालावर मुकुट असता तर शेफील्ड समजावे. माझ्या बिबळ्याच्या माथ्यावर मुकुट नाही. लंडनच्या शिक्क्यातील तो मुकुट १८२१ साली गेला, म्हणून चमचा त्यानंतरचा. तिसरी खूण राणीच्या मुखाची. ही कर भरल्याची पावती होय. ती १७८४ पासून १८९० पर्यंतच मारीत. चौथी, कारागिराच्या नावाची आद्याक्षरे. पाचवी खूण एक अक्षर, आणि सारे मर्म त्याच्यात आहे.

हे अक्षर दरवर्षी बदले. लंडनमध्ये वीस अक्षरांची एक माळ संपली की अक्षराचे वळण बदलून दुसरी सुरू होई. माझ्या चमच्यावर ‘एल’ आहे. जुन्या जाड वळणाचे मोठे ‘एल’ १८४६ चे. त्याच वळणाचे लहान ‘एल’ १८६६ चे. आणि साध्या रोमन वळणाचे मोठे ‘एल’ १८८६ चे. तिन्हींवर राणी व्हिक्टोरियाचेच मुख. म्हणून अक्षर कोणते एवढे पाहून भागत नाही. त्याचे वळण व भोवतीची चौकटही पाहावी लागते. माझ्या चमच्यावरील ‘एल’ साध्या रोमन वळणाचे, मोठे आहे. अर्थात घाटाचा मार्ग खुला झाल्यावर तेवीस वर्षांनी हा चमचा घडला.

मग वाडवडील खोटे बोलले काय? तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. सहाही चमचे एकाच सालचे असतील असा नियम नाही. तुटल्या-हरवल्याच्या जागी मागाहून नवा घालीत. कदाचित गेलेल्या पाचांपैकी एखाद्यावर १८६३ च्या आधीचे अक्षर असेल. तो साक्षीदार मीच मुशीत घातला. आता घरची गोष्ट खरी की खोटी, हे कोणालाही ठरविता येणार नाही.

आपल्या घरी असा जिन्नस असेल तर आणखी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे म्हणजे चांदी नव्हे, तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रणावर विजेने चढविलेला मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी या कृतीची सनद १८४० साली घेतली. असा माल करणारे कधीकधी आपली अक्षरे चौकटीत घालून हॉलमार्काचा आभास करीत. सिंह नसेल तर सावध व्हावे. हिंदुस्थानात घडलेल्या मालावर बहुधा पेढीचेच नाव असे: कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे ऑर, भूजचे ओमरसी मावजी. गोव्याकडून आलेल्या वस्तूवर रानडुकराचे मुंडके दिसल्यास तो १८८७ ते १९३७ या काळातील पोर्तुगालचा शिक्का; १९३८ पासून तेथे गरुडाचे मुंडके आले.

आपणांस विशेष वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. इंग्लंडात पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता बालकास प्रेषिताची मूर्ती असलेला चमचा देई. किल्ली असली तर संत पेत्र, तिरका क्रूस असला तर संत आंद्रेया, अशी ओळख असे. पूर्ण संच प्रभूसह तेरा चमच्यांचा. परंतु एकोणिसाव्या शतकात अशा चमच्यांच्या पुष्कळ नकला निघाल्या. म्हणून मूर्ती पाहून हर्ष मानावा, वय मात्र शिक्क्यालाच विचारावे.

शेवटी एवढीच विनंती. राख, चिंच लावून दांडा घासू नका. त्याने अक्षरे झिजतात. भिंगातून पाहा. खुणांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा उतरून घ्या. वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत एका बाजूस जशीच्या तशी लिहा, शिक्क्याचे वाचन दुसऱ्या बाजूस लिहा, आणि एकीसाठी दुसरे बदलू नका. अडचण आली तर विकणे हे पाप नव्हे. पण न वाचता विकू नका. तोळ्याचा भाव आज ना उद्या पुन्हा मिळेल; वितळलेली साक्ष पुन्हा मिळत नाही.