साच्याची चकाकी

मिक्सरचं बटण किंवा डब्याचं झाकण हातात घेऊन बघा. त्यावरचा गुळगुळीतपणा मुळात साच्याच्या पोलादाकडून आलेला असतो. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाखाली साच्यात शिरतं आणि त्यातला बारीकसा ओरखडाही जसाच्या तसा उचलतं.

सीएनसी मशीनवर साचा कोरला, आतले कोपरे ठिणग्यांच्या ईडीएम मशीनवर काढले, की खरं काम सुरू होतं ते पॉलिशचं. आधी घासायचा दगड, मग 400, 600, 800 नंबरचे पॉलिश पेपर, शेवटी हिऱ्याची पेस्ट. कागद बदलला की घासण्याची दिशाही बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा राहिल्यात का ते लगेच दिसतं. त्या पुरत्या गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. इथे घाई केली, तर पेस्ट फिरवताना नेमकी तीच रेघ वर येते. कारागिराच्या बोटांची जाण मला इथे सगळ्यात मोलाची वाटते.

पॉलिप्रॉपिलिन हे प्लॅस्टिक थंड होताना साधारण 1 ते 2.5 टक्के आकसतं, म्हणून साचा त्या हिशेबाने मोठा ठेवतात. बाजूंना किंचित उतारही देतात, नाहीतर वस्तू निघताना घासते.

दहावीनंतर हे शिकायचं असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे.