आधी मागचा, मग पुढचा

पावसाळ्यात निफाडकडच्या काळ्या रानात ट्रॅक्टरचं मागचं एक चाक रुतून गरगर फिरू लागतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं, हे दृश्य इथल्या श्रोत्यांना नवं नाही. जाणता चालक अशा वेळी रेस वाढवत नाही. क्लच दाबून फिरतं चाक थांबवतो, स्टेअरिंग सरळ करतो, टाचेपाशी असलेलं डिफ लॉकचं पेडल दाबून धरतो आणि अलगद क्लच सोडतो. दोन्ही चाकं एकदम फिरतात, ट्रॅक्टर वर येतो. वळायच्या आधी पेडल सुटलेलं असतं.

डोंगरवाटांवर गाडी घालणाऱ्यांचा पुढचा लॉक की मागचा हा वाद इथूनच समजून घ्यावा.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. ते जमावं म्हणून डिफरन्शियल; पेकर या फ्रेंच कारागिराने 1827 साली त्याचं पेटंट घेतलं. पण दोन्ही चाकांना सारखाच जोर देण्याचा त्याचा गुण चिखलात मुळावर येतो. एका चाकाला पकड नसेल, तर दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य जोर पोचतो. म्हणून तर फोर बाय फोर गाडीचीसुद्धा तिरकस समोरासमोरची दोन चाकं अधांतरी झाली की ती जागीच अडते. जिम्नी या गाडीत अशा वेळी फिरत्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो आणि जोर दुसरीकडे वळतो. डिफ लॉक मात्र दोन्ही चाकं एकमेकांशी जखडूनच टाकतो.

नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या, 2020 सालच्या थार गाडीत यांत्रिक लॉक आहे तो मागच्या ॲक्सलला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लागतो. ताशी साधारण 30 किलोमीटरच्या वर लागत नाही. ही निवड योग्यच आहे. चढावर वजन मागे सरकतं, पकड मागच्या चाकांना मिळते, आणि पुढची चाकं वळायला मोकळी राहतात. शिवाय मागचा ॲक्सल अखंड, दणकट.

पुढचा लॉक लागला की स्टेअरिंग जड होतं, गाडी वळायचं सोडून सरळ धावू पाहते. चाक वळवलेलं असताना सगळा ताण पुढच्या ॲक्सलच्या, चाकापाशी असलेल्या जॉइंटवर येतो, आणि नेमक्या त्याच अवस्थेत जॉइंट सर्वांत कमजोर असतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या नागमोडी, पावसाने निसरड्या वाटांवर हे फार महागात पडतं.

मागच्या लॉकचाही धोका आहेच, आणि तो नवख्याला कुणी सांगत नाही. आडव्या उतारावर, ओल्या मातीत दोन्ही मागची चाकं एकदम सटकतात आणि गाडीची शेपूट खाली घसरते. तिथे लॉक नको.

मग पुढचा लॉक कशाला? पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात पुढचा आणि मागचा, दोन्ही लॉक चालकाच्या हाती स्वतंत्रपणे दिलेले आहेत. बेसॉल्टच्या उभ्या पायरीवर पुढची चाकं चढतच नसतील, तर मागून कितीही ढकला, ती नुसती दगडावर घासत राहतात. तिथे पुढचा लॉक गाडीला वर ओढून घेतो.

पैसे एकाच लॉकपुरते असतील, तर नाशिककराने मागचाच घ्यावा. दोन्ही असतील, तर लो गिअर टाकून आधी मागचा लावावा. तेवढ्याने भागलं नाही तर थांबून, चाकं सरळ करून पुढचा, आणि पायरी ओलांडताच तोच आधी काढावा.