सोड्याची भट्टी



वैशाखाच्या संध्याकाळी, दिवसभर ऊन सोसून आलेल्या मंडळींना तेराशे अंशांच्या भट्टीची हकीकत ऐकवायची हा एका परीने अत्याचारच आहे. पण विषय या मालेच्या चालकांनीच मागून घेतला, तेव्हा निम्मा दोष त्यांच्या पदरी. मी पंडित नाही. माझा धंदा मडकी घडवण्याचा. जन्माने मी कुंभार नव्हे. बँकेतली नोकरी सोडून चाळिशीत चाकावर बसलेला माणूस. घरच्यांनी ते कसे घेतले, हा एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि तो अशा सभेत घेण्यासारखा नाही.

आपल्या गावचा आवा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. गोवऱ्या, पालापाचोळा, लाकूड यांच्या थरांत मडकी रचायची, वरून राख-मातीचे लिंपण करायचे आणि पेटवायचे. त्यात उष्णता सातशे-आठशे अंशांच्या आसपास जाते. मडके भाजते, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. पाणी झिरपते आणि म्हणूनच गार होते. माठाचा गुण तो हाच. याच मातीला बाराशे-तेराशे अंशांपर्यंत नेले तर ती वितळून जाते. त्यासाठी निराळी, आग सोसणारी माती लागते आणि ती भाजून निघाली की दगडासारखी घट्ट होते.

आता या दगडी भांड्याला चकाकी कशी द्यायची? नेहमीची रीत अशी की वाळू, फेल्डस्पार, चुना वगैरेंची पूड पाण्यात कालवून भांड्यावर लेप द्यायचा. भट्टीत त्याची काच होते. ऱ्हाइन नदीकाठच्या जर्मन कुंभारांनी पंधराव्या शतकात दुसरी युक्ती रूढ केली. भट्टी ऐन तापली की तीत मिठाच्या मुठी फेकायच्या. मिठाची वाफ होते, तिच्यातला सोडियम भांड्याच्या अंगातल्या सिलिकेशी आणि ॲल्युमिनाशी जुळतो, आणि भांड्याच्या स्वतःच्याच कातडीची काच होते. म्हणजे झिलई माणूस चढवीत नाही, आग चढवते. तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खवली येते. इंग्लंडात जॉन ड्वाइट याने १६७२ साली अशा दगडी भांड्यांचे पेटंट घेतले. पुढे १८४६ पासून हेन्री डोल्टनने याच रीतीने सांडपाण्याचे नळ भाजायला सुरुवात केली. शहरांतल्या जुन्या गटारांचे ते तपकिरी, चकचकीत नळ आठवतात ना? तेही मिठानेच झिलईदार झालेले. आपल्या देशातही अशा नळांसाठी भारतीय मानक आहे, क्रमांक ६५१. तेव्हा ही कला आपल्याला अगदीच परकी नाही. ती आपल्या पायांखाली पुरलेली आहे, इतकेच.

मिठात एक खोड आहे. त्यातल्या क्लोरिनचे भट्टीत हायड्रोक्लोरिक आम्ल बनते आणि ते धुरांड्यातून बाहेर पडते. म्हणून १९७०च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड विद्यापीठात, मिठाऐवजी सोडा वापरून पाहण्याचे प्रयोग झाले. धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा. आपल्या पापडखाराचे भाऊबंद. यातून आम्ल निघत नाही. पण सोडा मिठाइतका उडता नाही. मिठाची वाफ भट्टीच्या कानाकोपऱ्यात जाते. सोडा ज्वाळेच्या वाटेनेच जातो. ज्या अंगाला ज्वाळ चाटते तिथे काच जमते, दुसरे अंग कोरडे, नुसते तांबूस राहते. एकाच भांड्याला दिवस आणि रात्र. आम्ही वेडे झालो ते या गुणापायी.

आम्ही म्हणजे चौघे. एक मी. दुसरे माझे बागाईतदार मित्र. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या बांधापलीकडच्या मोकळ्या तुकड्यावर भट्टी उभी आहे. तिसऱ्या एक निवृत्त चित्रकला-शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘बाई’ म्हणतो. चौथे तात्या. तात्या खरे कुंभार, सत्तरीचे, पिढीजात. मुलांनी चाक सोडले, तात्यांनी नाही. पुदुच्चेरीला १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू झाली. तिथून शिकून आलेल्या एका ओळखीच्या कारागिराने आम्हाला भट्टीचा आराखडा काढून दिला, आणि २०१६च्या दिवाळीनंतर आम्ही ती बांधली. चाळीस घनफुटांची. विटा जड, आग सोसणाऱ्या. हलक्या सच्छिद्र विटा सोडा दोनचार भाजण्यांत खाऊन टाकतो. जळण म्हणून स्वयंपाकाचाच गॅस, एकोणीस किलोच्या टाक्यांमधला. या टाक्यांची एक गंमत सांगतो. गॅस झपाट्याने ओढला की टाकी गार पडते, तिच्यावर दहिवर जमते, मग बर्फ, आणि दाब उतरतो. म्हणजे भट्टीत लोखंड पिवळे होण्याइतकी आग, आणि सात-आठ हातांवर बर्फ! आम्ही टाक्या पाण्याच्या टिपात बसवतो आणि पहाटे पाहरेकऱ्याने त्यात कोमट पाणी ओतत बसायचे. ते काम नेहमी माझ्याकडे येते.

सोडा घालायला यंत्र कोणते? तर बागेत फवारणीला वापरतात तोच हातपंप. दोन किलो सोडा कढत पाण्यात विरघळवायचा, लांब धातूची नळी भट्टीच्या भोकातून आत सारायची आणि दर पंधरा मिनिटांनी फवारायचे. आत पिवळ्याधमक उजेडात फुत्कार होतो आणि धुरांड्यातून पांढरा लोट निघतो. पहिल्या खेपेस शेजारच्या वस्तीवरची माणसे धावत आली. त्यांना वाटले, द्राक्षांवर काही नवे औषध निघाले.

तात्यांचा पहिला अनुभव सांगायलाच हवा. पहिल्या भाजणीत त्यांनी आम्हाला न सांगता आपल्या तळ्याच्या मातीच्या दोन पणत्या एका कोपऱ्यात ठेवल्या. भट्टी उघडली तेव्हा पणत्यांच्या जागी फळीवर दोन काळे, काचेसारखे ठिपके. तात्यांनी त्यांवर बोट फिरवले आणि म्हणाले, “आमची माती गरीब हाय. इतका राग तिला सोसायचा न्हाई.” त्यानंतर ते भट्टीत स्वतःचे काही ठेवीनात, पण प्रत्येक भाजणीला हजर.

आता ज्या भाजणीसाठी मी आज इथे उभा आहे, ती. फेब्रुवारी २०१८. आमची चौथी.

बाईंनी अकरा महिने खपून त्रेवीस भांडी केली होती. पुढच्या महिन्यात त्यांचे पहिले प्रदर्शन होते, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. शाळेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांची चित्रे भिंतीवर लावली, आता एकदा आपले काही मांडू, इतकीच त्यांची इच्छा. भांडी रचताना त्यांनी विचारले, “ही वरच्या फळीवर ठेवू का?” मी म्हणालो, ठेवा, वर सोडा चांगला बसतो. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी ॲल्युमिना आणि चिनी माती यांच्या छोट्या गोळ्या चिकटवायच्या असतात, नाहीतर भांडे फळीला जडते. बाईंनी त्या गोळ्या अशा मन लावून लावल्या की जणू लेकीच्या पायांत जोडवीच घालीत आहेत.

उष्णता ओळखायला आमच्याकडे तीन साधने होती. पहिले, विजेचे मापक, त्याची कांडी भट्टीच्या पोटात. दुसरे, शंकू. हर्मान झेगर या बर्लिनच्या रसायनज्ञाने ते १८८६ मध्ये काढले. ठरावीक उष्णतेला शंकू वितळून मान टाकतो. मात्र सोड्याच्या भट्टीत शंकूवर पुरा भरवसा ठेवता येत नाही, कारण सोडा त्यालाही चाटतो आणि तो वेळेआधी वाकतो. म्हणून तिसरे साधन, कड्या. मातीच्या छोट्या कड्या भोकासमोर ओळीने मांडायच्या आणि लोखंडी गजाने एकेक ओढून, पाण्यात विझवून, काच किती बसली ते पाहायचे.

त्या रात्री साडेसातला आम्ही सोडा घालायला लागलो. नऊच्या सुमारास दोन्ही किलो संपले. कडी ओढली, उत्तम. मापक मात्र १२३५ वर अडून बसलेले. मला १२८० हवे होते. भोकातून पाहिले तर दहा नंबरचा शंकू सपशेल आडवा. बाई म्हणाल्या, “अहो, शंकू झोपला. आता पुरे करा ना.” मी माझे पुस्तकी ज्ञान पाजळले: “सोड्यात शंकू खोटे बोलतो, बाई.” थोड्या वेळाने तात्या भोकाला डोळा लावून परत आले. “सायेब, मडकी घामेजली. अंगावरून पाणी वगळल्यावानी दिसतंय. आता काय ऱ्हायलंय आत?”

श्रोतेहो, दगडी भांडे पुरते भाजले आणि त्याची काच वितळली की ते त्या उजेडात ओले दिसते. हे मलाही ठाऊक होते. आवा भाजून हयात घालवलेल्या माणसाने, जन्मात कधी न पाहिलेल्या आगीत, ते अचूक ओळखले. आणि मी मापकाचा आकडा पाहत बसलो. बागाईतदार मित्र मध्ये पडले नाहीत. ते म्हणाले, तुम्ही शिकलेले, तुम्ही ठरवा. मी ठरवले. गॅस आणखी पावणेदोन तास चालू ठेवला. आकडा १२४१ वर गेला तेव्हा मला आनंद झाला, हेही कबूल करतो.

पावणेअकराला आत ‘धप्’ असा आवाज झाला. फार मोठा नव्हे. माडीवर कोणी पोते टाकावे तसा. मी गॅस बंद केला. कोणी काही बोलले नाही.

भट्टी आपोआप निवू द्यावी लागते. दीड दिवस थांबलो. दरवाजाच्या विटा काढल्या तेव्हा वरची फळी मधोमध वाकून कोसळलेली, तिच्यावरची भांडी एकमेकांत घुसून, फुगून, एकच गोळा झालेली. कॉर्डिराइटची फळी, भर सोड्यात आणि नको इतक्या आगीत. ती सोसणार तरी किती. त्रेवीसांपैकी अखंड निघाली दोन, आणि तीही वाकडी. मापकाची कांडी ओढून पाहिली. पहिल्या भाजणीपासून तीच होती. सोड्याने तिचे टोक खाल्ले होते, आणि अशी खंगलेली कांडी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. सोडा शंकूला चाटतो हे मी दहा वेळा बोलून दाखवले होते. तोच सोडा कांडीलाही सोडणार नाही, हे माझ्या ध्यानात एकदाही आले नव्हते. नवी कांडी मागवायची म्हणून वहीत टिपून ठेवले होते. ती टीप आजही वहीत आहे, डिसेंबर २०१७ची.

बाई रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी तो गोळा दोन्ही हातांनी उचलून पाहिला, खाली ठेवला, आणि “जाते मी, साडेपाचची एस. टी. मिळेल,” म्हणून निघाल्या. त्यांचे प्रदर्शन झाले नाही. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. चहा मिळाला, नातवंडांच्या गोष्टी झाल्या. भट्टीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही. माणसाने तोंडावर चार शब्द सुनवावे, ते परवडते. त्या पावसाळ्यात आम्ही भट्टी पेटवलीच नाही. तात्या अधूनमधून जाऊन तिच्यावरचा पत्रा नीट करून येत. मला मात्र तिकडे फिरकण्याचा धीर होत नव्हता.

संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून कोण पक्का आणि कोण कच्चा ते पाहिले, ही कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना लागला तो बोल मला त्या वर्षी वरचेवर आठवे. नामदेव निदान लहान तरी होते.

डिसेंबरात बाईंचा निरोप आला. “बारा भांडी झाली आहेत. कधी लावता?” एवढाच. जानेवारी २०१९ मध्ये दिवस ठरवला. नवी कांडी, नव्या फळ्या. या खेपेस सिलिकॉन कार्बाइडच्या, महाग पण न वाकणाऱ्या. पैसे मी घातले, त्यावर कोणी चर्चा केली नाही. बाई आल्या, भांडी पेटीतून काढली आणि रचायच्या आधी म्हणाल्या, “एक सांगते. आज गज माझ्या हातात राहील. आणि थांबायचं केव्हा, ते तात्या आणि मी ठरवू. तुम्ही पाणी ओता.”

मी पाणी ओतले. रात्रभर टाक्या कोमट ठेवल्या, दुपारी झडप सांभाळली, संध्याकाळी बागाईतदार मित्रांच्या बरोबरीने सोडा फवारला. पहिली कडी साडेआठला निघाली, खरखरीत. दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी बाई गज आत सारीत, हात न थरथरू देता कडी टोकावर घेत आणि बादलीत सोडीत. ती चरचरून विझे, मग तात्या तिच्यावर नखाने टिचकी मारून कानाशी नेत. चौथीला तात्यांनी नुसती मान हलवली, अजून नाही.

नऊ वाजून वीस मिनिटांनी पाचवी कडी निघाली. बाईंनी ती कंदिलापाशी धरली, उलटीसुलटी केली आणि तात्यांकडे दिली. तात्यांनी भोकातून एकदा आत पाहिले.

“बंद करा,” बाई म्हणाल्या.

मापक १२६२ दाखवीत होते. मी जाऊन गॅसचा नळ फिरवला.