बाबांच्या रक्तातलं रसायन

"न्यूरोकेमिस्ट्री म्हंजे काय करतं बे तू?" गावात अजूनही विचारतात. मी अमरावती विद्यापीठात संशोधन करतो. गाव अकोल्याकडचं, घरी कपाशी.

२०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच हंगामात आमचे बाबा पाठीवरचा पंप घेऊन आले अन् ओट्यावरच बसले. घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आई म्हणे, ऊन लागलं.

ऊन नव्हतं. नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन म्हणजे असिटिलकोलीन. निरोप पोचला की एक एन्झाइम ते लगेच तोडतं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक त्या एन्झाइमलाच अडकवून ठेवतं, मग निरोप थांबतच नाही. दवाखान्यात ॲट्रोपिन दिलं, बाबा वाचले.

हेच एन्झाइम लाल रक्तपेशींवरही असतं. एलमन यांनी १९६१ मध्ये मांडलेली चाचणी मी आज करतो: एन्झाइम चालू असेल तर द्रावण पिवळं होतं, हळदीवानी. पहिल्यांदा तो रंग आला तेव्हा मी नुसता बघत उभा होतो, गाईडनं हाक मारेपर्यंत.

आता पीएचडीचं चौथं वर्ष. फेलोशिप संपत आली. घरचे म्हणतात, एमपीएससी दे. खरं सांगू? फॉर्म भरलाय. पण यंदा फवारणीच्या आधी बाबांचं रक्त तपासलं, हंगामानंतर पुन्हा तपासीन. ते म्हणतात, "सुईले मी भेत नाही, पण त्या मास्कनं जीव घाबरते." त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.