शेंडा छाटला गेला, आता काय?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं)



आज रोपवाटिका चालवणाऱ्या गटांशी बोलायचं आहे. बाकीच्यांनीही ऐका, कारण कर्ज आपल्या सगळ्यांच्या बचतीतून गेलंय.

आपल्या एका गटानं नाताळसाठी कुंडीतली ख्रिसमस ट्री वाढवली. पावसाळ्यात काही झाडांचे शेंडे छाटले गेले, काहींच्या खालच्या फांद्या काढल्या गेल्या. जास्वंद छाटली की भरगच्च फुटते, तसंच हेही फुटेल असं वाटलं. आता झाडं बोडकी दिसतात, आणि गटात "कात्री कुणी चालवली" यावरून अबोला धरलाय.

आधी झाड समजून घेऊ. आपल्याकडं ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते बहुतेक अरोकेरिया. हे मूळचं पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटाकडचं. त्या बेटाच्या झेंड्यावरही हेच झाड आहे. समुद्राची दमट हवा आणि भरपूर उजेड त्याला मानवतो. म्हणूनच आपल्या किनारपट्टीला ते चांगलं येतं.

याची वाढ जास्वंदीसारखी नसते. मधला शेंडा सरळ वर जातो आणि फांद्या मजल्यामजल्यानं आडव्या येतात. खालचा मजला गेला की तो परत येत नाही. फांदीचं टोक कापलं की ती फांदी सहसा तिथंच थांबते. शेंडा कापला तर खोडाला कापलेल्या जागेजवळ नवे कोंब येऊ शकतात, पण वेळ लागतो आणि कधी दोन-तीन एकदम येतात. पहिल्यासारखा घाट येईलच असं नाही.

मग करायचं काय?

पहिलं, कात्री ठेवून द्या. एक बाजू कमी दिसते म्हणून दुसरी बाजू कापू नका. फक्त पूर्ण वाळलेली फांदी धारदार कात्रीनं काढा.

दुसरं, कुंडी उजेडात ठेवा, पण दुपारचं कडक ऊन नको. शेडनेटखाली उत्तम. आठवड्यातून एकदा कुंडी थोडी फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडं कलतं.

तिसरं, पाणी. बोटाचं एक पेर मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, आणि द्याल तेव्हा खालून निथळेपर्यंत. कुंडीचं भोक बुजलंय का बघा. मुळाशी पाणी साचलं तर झाड हातचं जाईल.

चौथं, लवकर फुटावं म्हणून खताचा मारा करू नका. नवी वाढ दिसली की थोडं गांडूळखत पुरे.

पाचवं, शेंड्याजवळ कोंब आले तर त्यातला सर्वात सरळ आणि जोमदार एक ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच काढा. त्याला काठीचा सैल आधार द्या.

आणि कापलेल्या आडव्या फांद्यांची रोपं करायच्या फंदात पडू नका. त्या रुजल्या तरी आडव्याच वाढतात, त्यांचं झाड होत नाही.

कुणी म्हणेल, आमच्याकडं मोरपंखी आहे. तिचा हिरवा भाग हलका छाटला तर चालतो. पण आत तपकिरी लाकडापर्यंत कापलं की तिथं पुन्हा हिरवं येत नाही.

आता विक्रीचं. झाडांचे तीन भाग करा. चांगली झाडं पूर्ण भावानं. खालच्या फांद्या गेलेली कमी भावानं. कुंडीत खाली दुसरी छोटी रोपं लावली तर बोडका बुंधा झाकतो. शेंडा गेलेली यंदा ठेवून द्या. कुणी मागितलंच तर शेंडा कापलाय हे सांगून द्या. तारेनं खोटा शेंडा बांधून विकू नका. एका डिसेंबरचे पैसे मिळतील, पण ते गिऱ्हाईक पुन्हा दारात येणार नाही. जड सजावट टांगू नका, नाताळ झाला की झाड हळूहळू बाहेरच्या उजेडात न्या, हेही प्रत्येकाला सांगा.

राहिला हप्ता. विक्री कमी होणार हे आजच ग्रामसंघाला सांगा, हप्ता थकल्यावर नको. मुदत वाढवायचा ठराव बैठकीत घेता येतो. आणि कात्री कुणाच्याही हातात असो, छाटणी कशी करायची हे गटात कुणालाच कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तोटा त्या एकीच्या नावावर लिहू नका. पुढच्या बैठकीला ती ताई आली पाहिजे. तिला बोलवायला दोघीजणी तिच्या घरी जा.